जड गोळी आणि मामींची टिकली

माझ्या बायकोचे मामा सृष्टीच्या आरंभी हजर असते, तर ही सृष्टी अजून तयार व्हायची असती. प्रत्येक ग्रहाचं वजन केल्याशिवाय, आणि ते वहीत लिहिल्याशिवाय, त्यांनी तो आकाशात सोडलाच नसता. शनीची कडी तर त्यांनी नक्की परत पाठवली असती, 'बाहेरून फिनिशिंग नीट नाही' म्हणून. चिंचवडच्या एका टूलरूममध्ये तीस वर्षं काढून हा माणूस मेलबर्नच्या पश्चिमेला, ट्रुगानिनात, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायला आला आणि येताना टूलरूम डोक्यात घेऊन आला. दिवाळीत त्यांच्याकडचे बेसनाचे लाडू एकमेकांशी इतके जुळतात, की खाताना आपण गुन्हा करतोय असं वाटतं. मामी वळायच्या आणि मामा काट्यावर ठेवून 'दोन ग्रॅम कमी' असं म्हणत परत द्यायचे. तिसऱ्या वर्षी मामींनी त्यांना काट्यासकट स्वयंपाकघराबाहेर काढलं, तेव्हा ते दारात उभे राहून नुसत्या नजरेनं वजन करत राहिले. आम्ही भारतात जायला निघालो की बॅग उचलून बघायला ते हजर. उचलायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "बावीस नऊशे. कुकर राहू दे, लोणचं काढ." एअरपोर्टच्या काट्यावर बावीस नऊशेच यायचं. मला याचा फार राग यायचा. माणसानं एकदा तरी चुकावं की नाही?

'अंदाज' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नाही. मी नोकरीनं सॉफ्टवेअरवाला, म्हणजे त्यांच्या मते अंदाजाचाच धंदा करणारा. "तुमच्याकडे चुकलं की अपडेट पाठवता," ते म्हणत. "आमच्याकडे चुकलं की लोखंड भंगारात जायचं आणि सगळ्या खात्याला दिसायचं." हे ऐकवताना ते मला जावईबापू म्हणत. एरवी नुसतं 'अरे'.

तर अशा या माणसाला बंदुकीचा नाद. ऐकणाऱ्याला धक्का बसतो, कारण मामा घरात आलेलं झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडतात आणि वर त्याला मराठीत समजही देतात. शिकार वगैरेचं नाव नाही. क्लबात जायचं, परवान्याची एक जुनी लहान कॅलिबरची, दर बाराला हातानं दांडी ओढायची बोल्ट-ॲक्शन रायफल तिजोरीतून काढून न्यायची आणि लांबवर लावलेल्या कागदाला भोकं पाडायची. कागदाखेरीज त्यांनी आयुष्यात कशाचाही जीव घेतलेला नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांना बार उडवण्यातही फारसा रस नव्हता. रस होता तो काडतुसं स्वतः घडवण्यात. वापरलेली पितळी पुंगळी स्वच्छ करायची, तिच्या बुडात ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, मोजून दारू भरायची आणि वर गोळी दाबून बसवायची. विकतचं काडतूस म्हणजे त्यांच्या लेखी विकतचं पुरण. ही गोळी ग्रेनमध्ये मोजतात, आणि ग्रेन म्हणजे साधारण अर्धी गुंज. गॅरेजमध्ये मामा सोनारासारखे वाकून बसलेले असत. "सोनार निदान शेवटी काहीतरी गळ्यात तरी घालतो," असं मामी म्हणायच्या आणि तरी चहा तिथेच नेऊन द्यायच्या.

वीस वर्षं मामा पंचावन्न ग्रेनची गोळी वापरत आले. हलकी, वेगवान. तिच्यावर त्यांची जी निष्ठा होती ती काही लोकांची कुलदैवतावर नसते. हलकी गोळी वाऱ्यानं जरा सरकते हे खरं, पण मामा म्हणायचे, "मग वारा वाचायला शिका की! झेंडे कशाला लावलेत?" रेंजवर जागोजागी छोटे झेंडे असतात. ते किती आणि कुठे फडकतायत ते बघून किती सरकून नेम धरायचा ते ठरवायचं. मामा झेंडे असे वाचायचे जसे आपण पेपर वाचतो. क्लबातली मंडळी जड गोळीकडे वळली तेव्हा त्यांनी त्यांना 'कुबड्या घेणारे' ठरवलं होतं.

मग ती साथ आली. तिच्या जरा आधी मामी पुण्याला गेल्या होत्या, त्यांच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं म्हणून. सहा आठवड्यांसाठी गेल्या आणि सीमा बंद झाल्या. तिकिटं निघत, रद्द होत, पुन्हा निघत. मामांनी तेव्हा आमच्या घराला एकच कायदा घालून दिला. "तिला इकडची काळजी लागता कामा नये. तिथे आईला उचलते, बसवते, तिला तेवढं पुरे आहे. इथे सगळं ठीक आहे, हेच सांगायचं." आणि तिकडे मामींनी फोनवर माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं, "त्यांच्यावर लक्ष ठेव रे. काही झालं तर ते सांगायचे नाहीत. तू सांग." मी दोघांनाही हो म्हणालो. तेव्हा त्यात काही अडचण वाटली नव्हती.

मेलबर्नमध्ये लॉकडाउन वाढतच गेला. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, कुणाच्या घरी जायचं नाही. पुढे पुढे सरकारला दया आली आणि एकट्या राहणाऱ्या माणसाला एक कुणीतरी निवडायची परवानगी मिळाली, जो त्याच्या घरी येऊ शकेल. मामांनी सख्ख्या भाचीला सोडून मला निवडलं. बायको दोन दिवस फुगून बसली. मामांनी कारण सांगितलं, "भाची बोलते. जावई ऐकतो." म्हणून रोज आरवोला, म्हणजे इथल्या बोलीत दुपार कलल्यावर, काम आटोपलं की मास्क चढवून मी त्यांच्या गॅरेजमध्ये, एका उलट्या क्रेटवर, ऐकायला हजर.

आणि अशाच एका संध्याकाळी मामांनी जाहीर केलं, "मी एकोणसत्तरला जाणार." मला आधी वाटलं वयाबद्दल बोलतायत. तर नाही, एकोणसत्तर ग्रेन! जड गोळी! मी क्रेटवरून पडायचा राहिलो. दोन लॉकडाउनच्या मधल्या फटीत दुकान उघडं होतं, तेव्हा या माणसानं गुपचूप जड गोळ्यांचे डबे आणून ठेवले होते. "मामा, अहो, कुबड्या?" मी म्हटलं.

"शास्त्र आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "कॅलिबर तेच, म्हणजे जाडी तीच. वजन वाढलं की लांबी वाढते. लांब आणि जड गोळी निघते जरा हळू, पण वाऱ्याला बधत नाही. आपल्याकडचा वारा बघतोस ना? परवा शेजाऱ्याची कचऱ्याची बिन उडून आपल्या अंगणात आली."

"पण झेंडे आहेत की वाचायला."

"किती दिवस वाचायचे?" एवढंच म्हणून ते पुन्हा काट्याकडे वळले.

मी तेव्हाच थांबून विचार करायला हवा होता. वीस वर्षांचं दैवत बदलणाऱ्या माणसाला आपण एरवी निदान 'काय झालं?' एवढं तरी विचारतो. पण ट्रुगानिनातल्या वाऱ्याचा दाखला इतका पटण्यासारखा होता, की मी मुकाट मान डोलावली.

आता यातली मेख अशी. रायफलच्या नळीला आतून पीळ असतो, त्यानं गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि सरळ राहते. लांब गोळीला जास्त घट्ट पीळ लागतो. पीळ सैल असेल तर ती वाटेत डगमगते आणि कागदावर आडवी जाऊन आदळते. त्यामुळे जड गोळी निवडण्याआधी आपल्या नळीचा पीळ मोजायचा. मामांनी साफ करायची काळी सळई काढली, तिच्यावर खूण करायला काही हवं म्हणून आत गेले आणि मामींच्या ड्रॉवरमधून टिकल्यांचं पाकीट घेऊन आले. मरून रंगाची, बारीक टिकली. ती सळईवर वरच्या बाजूला चिकटवली. सळई नळीत ढकलत जायची, पिळाबरोबर ती फिरत जाते, आणि टिकली एक पूर्ण फेरी मारून पुन्हा वर आली की सळई किती इंच आत गेली ते मोजायचं. मी म्हटलं, "मामींना कळलं तर?" तर म्हणाले, "मापाच्या कामासाठी वापरली म्हणून सांग. तिला अभिमान वाटेल."

सळई हळूहळू आत गेली. मामा नाक सळईला लावून बघत होते. "आली वर!" ते म्हणाले. "नऊ इंच. नऊला एक फेरी. एकोणसत्तरला उत्तम."

मला क्रेटवरून टिकली दिसत होती. ती वर नव्हती, बाजूला होती, भिंतीकडे तोंड करून. मी म्हटलं, "मामा, अजून थोडं फिरायचं राहिलंय का?"

"जावईबापू," ते म्हणाले, "मी मायक्रॉनमध्ये आयुष्य काढलंय. तुम्ही अपडेट पाठवा."

बावीस नऊशे सांगितलं की बावीस नऊशेच येतं, हे मी इतक्या वेळा पाहिलं होतं की माझ्याच डोळ्यांवर माझा विश्वास उरला नव्हता.

पुढच्या दोन महिन्यांत मामांनी चार डब्या भरल्या, प्रत्येकी पन्नास. रेंज बंद असल्यामुळे एकही उडवून बघायची सोय नव्हती. एरवी ते पाच भरून, रेंजवर तपासून, मग सहावं भरणारे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "गणित झालंय ना? मग?" हा माझ्या तोंडचा शब्द झाला, त्यांच्या नव्हे. जुना तराजू त्यांनी माळ्यावर टाकला आणि मोठ्या चमकत्या आकड्यांचा नवा काटा आणला, त्याला 'प्रगती' म्हणाले. डब्यांवर जाड मार्करनं बोटभर उंचीचे आकडे लिहिले. माझी मुलगी व्हिडिओ कॉलवर विचारायची, "मामाआजोबा, व्हाय इज युअर नोज सो बिग?" कारण ते फोन नाकाला टेकवून बोलायचे. आम्ही हसायचो. हे सगळं आमच्या डोळ्यांदेखत चाललं होतं आणि आम्ही हसायचो!

आणि याच दिवसांत मामींचा माझ्या बायकोला फोन आला, जरा लाजतच. "तुझे मामा हल्ली रोज मला म्हणतात, छान दिसतेस. चाळीस वर्षांत कधी म्हणाले नव्हते गं. तब्येत बरी आहे ना त्यांची?" बायको पदर तोंडाला लावावा तशी ओढणी लावून हसली. लॉकडाउननं मामांना रसिक केलं, असं आम्ही ठरवून टाकलं.

निर्बंध उठले आणि रेंज उघडली. मामा सकाळी सातलाच तयार. त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. स्वतःची गाडी त्यांनी आजवर मेकॅनिकलासुद्धा मन मोठं करून दिली नव्हती. "तू चालव. मी जरा विचार करत येतो," म्हणाले. रस्ताभर गवताळ माळ, सगळीकडे वारा, गाडीलाही ढकलणारा. मी म्हटलं, "आज तुमच्या जड गोळीची परीक्षा आहे."

रेंजवर मास्क, सॅनिटायझर, एक सोडून एक जागा. रेंज ऑफिसर म्हणजे एक उंच म्हातारी बाई, तिनं लांबूनच हात हलवला, "गुड टू सी यू, मेट!" मामांनी आवाजाच्या दिशेनं हात केला. आधी जवळच्या, शंभर मीटरच्या कागदावर नेम बसवायचा होता. मी बाजूला दुर्बीण लावून बसलो, भोकं कुठे पडतात ते सांगायला. मी नकळत म्हणालो, "झेंडे डावीकडे जोरात आहेत मामा." ते म्हणाले, "असू देत. म्हणून तर जड घेतली."

पहिला बार झाला. मी दुर्बिणीतून बघितलं आणि पुन्हा बघितलं. कागदाच्या कोपऱ्यात भोक होतं, पण गोल नव्हतं. लांबट होतं, एखाद्यानं बोथट पेन्सिल आडवी खुपसावी तसं. दुसरी गोळी दुसऱ्याच कोपऱ्यात, तीही आडवी. तिसरी कागदाला लागलीच नाही.

"कुठे?" मामांनी विचारलं.

"मामा, थांबा जरा."

"कुठे लागली ते सांग ना."

मी सांगितलं. त्यांनी लगेच बोल्ट उघडला, रायफल रिकामी करून खाली ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिले. सगळ्यांची नेमबाजी थांबवायची वेळ झाली तेव्हा मी जाऊन कागद काढून आणला. मामांनी तो डोळ्यांसमोर धरला नाही. त्यांनी तो मांडीवर पसरला आणि तर्जनीनं चाचपडत भोक शोधलं. कडेवरून बोट फिरवलं. मग दुसऱ्यावरून. तीस वर्षं जॉबची कड हातानं तपासणारा माणूस, त्याला डोळ्यांची गरज पडली नाही.

"आडवी गेली," ते म्हणाले. मग, "ती टिकली त्या दिवशी वर आली होती का रे?"

"नाही मामा. बाजूला होती. पाऊणच फेरी झाली होती."

"म्हणजे बारा इंचाला एक फेरी. सैल पीळ." हिशेब त्यांनी एका क्षणात केला. "मग बोलला का नाहीस?"

"बोललो होतो."

"हं," ते म्हणाले. "बोलला होतास."

वारा इतका होता की कागद धरून ठेवावा लागत होता. मग त्यांनी जे सांगितलं ते झेंड्यांकडे तोंड करून सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नेम धरायच्या उजव्या डोळ्यात जास्त. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, मामी परत येतील त्याच आठवड्यातली, मुद्दाम तशी घेतलेली. मग साथ आली आणि तातडीची नसलेली सगळी ऑपरेशनं पुढे ढकलली गेली. तारीख गेली, मामीही आल्या नाहीत. "झेंडे मला मार्चपासून दिसत नाहीत," मामा म्हणाले. "नुसतं काहीतरी हलतंय एवढं कळतं. म्हटलं, वारा वाचता येत नाही तर वाऱ्याला न बधणारी गोळी घ्यावी. तेवढंच राहिलं होतं रे हातात." मग आवाज एकदम कडक झाला. "चूक ती नाही. चूक ही, की दिसत नसताना मी बंदूक हातात घेतली. माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला गेटबाहेर काढला असता." ते उठले आणि त्या म्हाताऱ्या बाईला स्वतः जाऊन हे सांगून आले. तिनं लांबूनच, नियमाप्रमाणे अंतर ठेवून, छातीवर हात ठेवला. रायफल घरी येऊन तिजोरीत गेली आणि ऑपरेशन होईपर्यंत तिजोरी उघडली गेली नाही.

परतीच्या वाटेवर मी म्हणालो, "मामींना सांगूया." तर म्हणाले, "काय करेल ती तिथून? रडेल. मी सांगेन, ऑपरेशन झाल्यावर." आणि मी, ज्यानं मामींना शब्द दिला होता, पुन्हा गप्प बसलो. याची मला आजही लाज वाटते. दोघांनाही हो म्हणणारा माणूस शेवटी दोघांनाही फसवतो, हे मला तेव्हा कुणी शिकवायला नको होतं.

ऑपरेशन इथल्या उन्हाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत झालं, आधी उजवा, मग काही आठवड्यांनी डावा. पहिल्याच डोळ्याची पट्टी निघाली त्या दुपारी मी त्यांच्याबरोबरच होतो. घरी आल्यावर मामा दिवाणखान्यात फिरून भिंतीवरचे डाग बघत होते आणि माझ्यावर ओरडत होते, "हे इतकं कळकट होतं? आणि तू रोज यायचास!" गॅरेजमध्ये जाऊन सळई बघितली. टिकली अजून तिच्यावर होती. "ही तर सरळसरळ दिसतेय की," ते स्वतःशीच म्हणाले. एवढ्यात मामींचा नेहमीच्या वेळेचा फोन आला. त्यांनी उचलला, सवयीनं नाकाशी नेला, मग लांब केला, हातभर.

"अगं!" ते म्हणाले. "तुझे केस!"

मामींचे केस पांढरेशुभ्र झाले होते. मला त्यात नवं काही नव्हतं, आम्ही सगळे ते वर्षभर बघत होतो. पार्लर बंद पडली तेव्हापासून त्यांनी रंग लावणं सोडलं होतं.

पलीकडून मामी हळू म्हणाल्या, "पहिल्या दिवशी मी विचारलं होतं तुम्हाला, कशी दिसते. तुम्ही म्हणालात छान. म्हणून तर पुन्हा रंग लावला नाही." आणि मग, "म्हणजे इतके महिने तुम्हाला मी दिसतच नव्हते?"

मामांनी हातभर लांब धरलेला फोन जरा जवळ घेतला.

"आकार कळत होता गं," ते म्हणाले.

मामी रडल्या, मग चिडल्या, मग मला फोनवर बोलावून चांगलं झापलं, आणि ते मी मान खाली घालून ऐकून घेतलं. सगळं ऐकवून झाल्यावर त्यांनी पुन्हा मामांना मागितलं. "आणि आता?" त्यांनी विचारलं. "आता कशी दिसते?"

मामांनी घाई केली नाही. लाडवाकडे बघायचे तसं बघितलं, बॅगेकडे बघायचे तसं बघितलं, पूर्ण वेळ घेऊन.

"छान," ते म्हणाले. "आता बघून सांगतोय."

विमानं तेव्हा अजून सुरू झाली नव्हती, आणि पुढे बरेच महिने झाली नाहीत. त्या काळात मामांनी चारही डब्यांतली उरलेली सगळी काडतुसं एकेक करून सोडवली. दारू वेगळी, टोप्या वेगळ्या, आणि जड गोळ्या काचेच्या बरणीत. त्या टाकून का देत नाही विचारलं तर म्हणाले, गोळीची काही चूक नाही, तिला घट्ट पिळाची नळी हवी, ती बघू मामी आल्यावर. सळईवरची टिकली मी काढायला गेलो, तर मला हात लावू दिला नाही.